मूल आजारी असताना शाळेत पाठवणं: ठरवायचं कोणी? (सोलापूर)

हुतात्मा_एक्सप्रेस

लेकीच्या वर्गात हँड-फूट-माऊथची साथ सुरू आहे. इयत्ता तिसरी, जुळे सोलापूर. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका मुलाच्या तळव्यांवर आणि ओठांभोवती पुटकुळ्या दिसल्या म्हणून बाईंनी घरी फोन केला, तर पलीकडून उत्तर, "ताप तर उतरलाय की. आणि उद्या युनिट टेस्ट आहे." पोरगं दिवसभर वर्गात बसलं, डबा वाटून खाल्ला, आणि आता त्या बाकाच्या मागचे-पुढचे सगळे घरी आहेत. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे चाललंय ते इथं देण्यासारखं नाही. एक गट म्हणतो "असल्यांना शाळेतून काढा", दुसरा म्हणतो "तुमच्याच पोरांना सोनं लागलंय का".

वर गंमत म्हणजे हीच शाळा वर्षअखेरीला शंभर टक्के हजेरीचं प्रमाणपत्र देते. व्यासपीठावर बोलावून, टाळ्यांसकट.

तर, कुठल्या आजारात मूल किती दिवस घरी ठेवायचं? शाळेनं "याला घेऊन जा" म्हटलं तर पालकांनी ऐकायलाच पाहिजे का? आणि ग्रुपवर भांडण्यापलीकडं आपण काय करू शकतो? जाणकारांनी लिहावं.

शेंगाचटणी

रुमाल टाकून ठेवतो. ग्रुपवरचे मेसेज पण टाका की राव, नावं खोडून.

माहेर_अक्कलकोट

हजेरीच्या प्रमाणपत्राबद्दल अगदी अगदी. माझा मुलगा तापानं फणफणलेला असताना "आई, माझी हजेरी जाईल" म्हणून रडत होता. मी नाही पाठवलं. त्यावर सासूबाई, "एवढ्याशा तापाला घरी बसवलंस, पोरगं नाजूक होईल." म्हणजे घरात दोन आघाड्या.

आजोबा_बुधवार_पेठ

सध्याच्या पालकांना प्रत्येक गोष्टीची भीती. आम्हाला गोवर, कांजिण्या, गालगुंड सगळं होऊन गेलं. मातीत खेळलो, नळाला तोंड लावून पाणी प्यायलो. काही झालं नाही. थोडं आजारी पडू द्या, प्रतिकारशक्ती वाढते.

कडक_भाकरी

आजोबा, ज्यांना काही झालं ते आज फोरमवर लिहायला नाहीत ना.

आजोबा_बुधवार_पेठ

@कडक_भाकरी बोलणं कडक आहे, पण मुद्दा मान्य. आमच्या गल्लीत पोलिओनं पाय गेलेली दोन मुलं होती, हे आत्ता लिहिताना आठवलं. तरी मातीत खेळण्याबद्दलचं मत मागे घेत नाही.

मुलांची_डॉक्टर

मातीत खेळू द्या आजोबा, तिथे भांडण नाही. पण गोवर होऊन प्रतिकारशक्ती वाढते हे खरं नाही. उलट गोवर इतर आजारांविरुद्ध शरीरात साठलेली ताकद काही काळ पुसून टाकतो. गोवरानंतर महिनोनमहिने मूल न्युमोनिया आणि जुलाबांनी हैराण होतं ते म्हणूनच.

आता मूळ प्रश्न. ताप उतरला म्हणजे धोका टळला असं धरून चालत नाही, आणि पुटकुळी दिसते तोवर महिनाभर घरी डांबा असंही नाही. प्रत्येक आजाराचं वेगळं गणित आहे.

हँड-फूट-माऊथमध्ये पहिला आठवडा सर्वांत जास्त फैलावाचा. ताप गेला, तोंडातले फोड बरे होऊन लाळ गळायची थांबली, हातापायाच्या पुटकुळ्या सुकल्या की मूल शाळेत येऊ शकतं. विषाणू पुढे काही आठवडे शौचातून बाहेर पडत राहतो, म्हणून संडासनंतर साबणानं हात धुणं हाच खरा बंदोबस्त. इथे सॅनिटायझरवर विसंबू नका, या जातीच्या विषाणूंवर तो फारसा चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी.

कांजिण्या: सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी, साधारण ५ ते ७ दिवस. तापासाठी ॲस्पिरिन चुकूनही देऊ नका. गालगुंड: सूज आल्यापासून ५ दिवस. गोवर: पुरळ उठल्यापासून किमान ४ दिवस, आणि ताप व पुरळ दोन्ही एकत्र असेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्राला कळवाच. अशा रुग्णांची नोंद ठेवली जाते, नमुने तपासले जातात, आणि मुलाला 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी मिळतात. पाण्यातून येणारी कावीळ म्हणजे हिपॅटायटिस ए: डोळे पिवळे झाल्यापासून किमान आठवडा. फ्लू: औषध न घेता २४ तास ताप नसावा. यातलं ते "औषध न घेता" फार महत्त्वाचं. सकाळी पॅरासिटामॉल पाजून रिक्षात बसवलेलं मूल साडेअकराला वर्गात पुन्हा तापतं, हे दर पावसाळ्यात बघते.

आणि ग्रुपवर एकमेकांच्या झिंज्या उपटणाऱ्यांसाठी: कांजिण्या पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात, गोवर चार दिवस आधीपासून, कावीळ तर दोन आठवडे आधीपासून. त्या आईनं मूल पाठवायला नको होतं हे खरं. पण तुमच्या मुलीला त्याच्याकडूनच लागण झाली असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस

मनापासून आभार डॉक्टर. हे ग्रुपवर टाकू का?

मुलांची_डॉक्टर

टाका. फक्त "फोरमवरच्या डॉक्टरनं सांगितलं" असं म्हणून आपल्या डॉक्टरांकडे जायचं टाळू नका.

धोटा

"असल्यांना शाळेतून काढा" म्हणणाऱ्यांसाठी. शिक्षणहक्क कायदा २००९, कलम १६. पहिली ते आठवीच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही. आजारी असताना चार दिवस घरी पाठवणं वेगळं, नाव काढणं वेगळं.

गणवेशवाली

सगळ्यांचं वाचलं. एक बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

मी शाळेचे गणवेश शिवते. आपल्या सोलापूरचे गणवेश कुठंकुठं जातात ते सगळ्यांना माहीत आहे. नगावर पैसे मिळतात. शर्टाची कॉलर लावायचं काम माझ्याकडं. एप्रिल-मे-जून हा आमचा हंगाम, आणि शाळा सुरू झाल्या की पोरांचे आजार सुरू. मशीनवर बसले नाही तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. मालक वाईट नाही, पण माझी ऑर्डर शेजारणीला देतो आणि पुढच्या आठवड्यातही तिलाच देतो.

मुलाला कांजिण्या आल्या तेव्हा घरी ठेवलं. आमच्या शेजारी सगळी तेलुगू घरं. म्हातारीनं दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, म्हणाली अम्मोरु (म्हणजे देवी) आली आहे, आता नऊ दिवस कोणाच्या घरी जायचं नाही, कोणी यायचं नाही. मी मनात म्हटलं, शाळेची नोटीस जे करू शकली नाही ते हिनं एका डहाळीत केलं. पण त्या काळात घरात काय आलं आणि काय नाही ते मलाच माहीत.

त्या युनिट टेस्टवाल्या आईला शिव्या घालण्याआधी ती कुठं कामाला जाते ते विचारा एवढंच.

माहेर_अक्कलकोट

@गणवेशवाली, हे वाचून गप्प बसले थोडा वेळ. खरंय.

शेंगाचटणी

माझी आई विड्या वळायची. हजारावर मजुरी. मला ताप आला की शेजारी झोपवून वळायची, तंबाखूच्या सुपासकट. घरी ठेवणं म्हणजे नेहमी चांगल्या हवेत ठेवणं नसतं.

हुतात्मा_एक्सप्रेस

@गणवेशवाली, मुद्दा पोचला. आमच्या ग्रुपवर निम्मे नोकरदार आणि निम्मे स्वतःचा धंदा असलेले, त्यामुळे हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. त्या मुलाची आई काय करते ते मला खरंच ठाऊक नाही.

गुरुजी_दक्षिण

मी दक्षिण सोलापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. शिक्षकाच्या बाजूनं लिहितो, जरा लांबेल.

पहिलं साबण. शाळेत हात धुवायला नळांची रांग आहे, वर "हात धुवा" असं रंगवलेलं आहे, चित्रासकट. वडी ठेवली की मधल्या सुट्टीपर्यंत गायब. कधी पोरं घरी नेतात, कधी कावळा उचलतो (खोटं वाटेल, पण आमच्या शिपाईमामांनी डोळ्यांनी पाहिलंय). लिक्विड आणलं तर पोरं बुडबुडे काढत बसतात आणि बाटली दोन दिवसांत रिकामी. शेवटी एका बाईंनी जुन्या पायमोज्यात वडी घालून, वर गाठ मारून मोजा नळाच्या पाइपला बांधला. ओल्या हातानं मोजा चोळला की फेस येतो. वडी विरघळत नाही, पडत नाही, चोरीला जात नाही. मोजे पोरांनीच आणले, त्यामुळे रांगेत एक पांढरा, एक निळा, एक कार्टूनवाला. पोषण आहाराच्या आधी वर्गनायक रांगेच्या तोंडाशी उभा राहतो, मोजा चोळल्याशिवाय ताट नाही.

दुसरं जंताच्या गोळ्या. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास जंतनाशक दिन असतो. १ ते १९ वर्षांपर्यंतच्या मुलांना अल्बेंडाझोल, दोन वर्षांच्या आतल्यांना अर्धी गोळी, बाकीच्यांना पूर्ण, चावून खायची. ज्याच्या पोटात जंत जास्त, त्याला मळमळ होऊ शकते. एकाला उलटी झाली की ते बघून चार जणांना होते, आणि वीस मिनिटांत सगळी गल्ली शाळेच्या दारात. "पोराला काय खाऊ घातलं?" २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम आली तेव्हाही असंच, त्यात व्हॉट्सॲपवरच्या अफवा. मी एकच करतो. आदल्या दिवशी आयांना बोलावतो, गोळी दाखवतो, उलटी होऊ शकते हे आधीच सांगतो. आधी सांगितलेली उलटी कोणाला घाबरवत नाही.

तिसरं हजेरी. धागाकर्त्यांनी शाळेला नावं ठेवली, पण हजेरी शिक्षकाच्याही मानगुटीवर असते. पट आणि उपस्थिती वरपर्यंत विचारली जाते. मूल गैरहजर का, याचं उत्तर मलाच द्यावं लागतं. तरी मी आजारी मुलाला घरी पाठवतो. पालकांना फोन, ते येईपर्यंत कार्यालयात वेगळं बसवायचं. याला वेगळा हुकूम लागत नाही, मुख्याध्यापकाची पाठ भक्कम असली की झालं.

कडक_भाकरी

गुरुजी, कावळ्यावरच्या उपाययोजनेवर वेगळा धागा काढा. आणि कार्टूनवाल्या मोज्याचा फोटो टाका.

पुण्यात_अडकलेला

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये डोळ्यांची साथ आली होती ती आठवली. आमच्या इकडे आळंदीपासून गाजली. भाचा सोलापुरात सहावीत. सगळा वर्ग गॉगल लावून बसला होता म्हणे, फळ्यासमोर मास्तरही गॉगलमध्ये. वर्गफोटो तेव्हाच काढायला हवा होता.

मुलांची_डॉक्टर

गॉगलनं प्रकाशाचा त्रास कमी होतो आणि हात डोळ्याकडे कमी जातो, एवढाच उपयोग. आलेल्या डोळ्यांकडे बघून डोळे येत नाहीत. डोळा चोळलेला हात, मग पेन्सिल, मग दुसऱ्याचा हात, हा मार्ग. घरातला टॉवेल वेगळा करा. घरात पडलेले जुने स्टिरॉइडचे थेंब मनानं घालू नका.

नळाला_पाणी_कधी

एवढी चर्चा झाली आणि सोलापूरचा असली रोग कोणी काढलाच नाही. हात धुवा, हात धुवा. कशानं धुवा? आमच्या भागात नळाला पाणी दिवसाआड नाही, तीन-चार दिवसांआड येतं. कधी रात्री दोनला.

याचे दोन परिणाम. पहिला, पाइप मधले दिवस रिकामा असतो. दाब नसला की फुटक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते आणि पाणी सुटल्यावर पहिला लोट तीच घेऊन येतो. म्हणून पहिलं पाणी पिण्याला भरू नका, वापरायला घ्या किंवा वाहू द्या. (वाहू द्या म्हटलं की आमची ही मलाच वाहून घालवते.) शाळेची टाकी हेच पाणी साठवते. टाकीला झाकण आहे का, शेवटची कधी घासली, हे पालकसभेत किती जण विचारतात? सगळे विचारतात प्रोजेक्टर कधी बसणार.

दुसरा, चार दिवसांचं पाणी साठवावं लागतं. प्रत्येक घरात बॅरल, हौद, रांजण, कॅन. डेंग्यूच्या डासाला याहून चांगलं माहेर मिळणार नाही. तो स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. पण नुसतं रिकामं करून भागत नाही. अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटतात आणि सुकून महिनोनमहिने टिकतात, पुन्हा पाणी भरलं की फुटतात. ब्रशनं कड घासायची, पाणी जमिनीवर ओतायचं, गटारीत नाही.

हा डास चावतो दिवसा. म्हणजे शाळेच्या वेळेत, बाकाखाली, हाफ पँटीतल्या पायांना. घरात कॉइल लावून झोपता आणि शाळेच्या गच्चीवर पडलेले टायर कोणी बघत नाही.

आजोबा_बुधवार_पेठ

हे मात्र लाखातलं बोललात. आमच्या हौदात मी गप्पी मासे सोडले आहेत. नातवाला मोजायला सांगतो, तो रोज वेगळा आकडा सांगतो.

गणवेशवाली

चार दिवसांनी येणारं पाणी सांडा म्हणणं जिवावर येतं हो. मी बॅरलवर जुनी साडी दुहेरी करून, सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधते. डास आत जात नाही. रिकामं झालं की मगच घासते.

नळाला_पाणी_कधी

@गणवेशवाली, बरोबर करता. घट्ट बांधलेलं कापड झाकणापेक्षा बरं, झाकणाला फट असते. फक्त कापड पाण्यात लोंबू देऊ नका.

गुरुजी_दक्षिण

टाकीच्या पाण्याची एक सोपी तपासणी आहे, ओटी टेस्ट. ग्रामपंचायतीच्या पाणी सोडणाऱ्या माणसाकडे छोटी किट असते. नळाच्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकले की पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडलेली नाही. आमची सातवीची पोरं विज्ञानाच्या तासाला ही तपासणी करतात. एकदा पाणी पिवळं झालं नाही, तेव्हा पोरांनीच जाऊन सरपंचांच्या दारात सांगितलं. त्यानंतर पावडर नेमानं पडते. मोठ्यांच्या अर्जानं जे होत नाही ते सातवीच्या पोरीनं हात कमरेवर ठेवून विचारलं की होतं.

शेंगाचटणी

अवांतर: दरवर्षी गड्ड्याची जत्रा झाली की आमच्या घरात सगळे खोकूलालेत. होम मैदानावरची धूळ, पाळणे, भज्यांचा धूर. पण गड्ड्याला जायचं नाही म्हटलं तर पोरगं घर डोक्यावर घेतंय.

कडक_भाकरी

का बे, गड्डा बंद करायचा विचार आहे काय?

शेंगाचटणी

नाही बे. भजी पण सोडणार नाही.

माहेर_अक्कलकोट

मुख्य रस्त्यावर येते. लसींचं कोणी बोलेल का? पाचव्या वर्षानंतर सगळे लसींचं कार्ड कपाटात टाकतात. माझ्या भाचीला चौथीत गालगुंड झालं, कार्डावर तर "सगळ्या लसी पूर्ण" लिहिलंय.

मुलांची_डॉक्टर

सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची लस आहे, ९ ते १२ महिन्यांत पहिला आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस. गालगुंडाची लस त्यात नाही. ती हवी असेल तर खासगीत एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) घ्यावी लागते. त्यामुळे कार्ड पूर्ण असूनही गालगुंड होऊ शकतं. कांजिण्या, टायफॉइड, हिपॅटायटिस ए यांच्या लसींचं साधारण तेच. आणि कार्ड कपाटात टाकू नका: १० आणि १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाचा टीडी डोस असतो, तो सरकारी केंद्रात फुकट मिळतो आणि हमखास राहतो. घटसर्प संपला असं समजू नका.

गोवराचा एखादा डोस राहिला असेल तर मोठ्या वयातही विचारा. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे गोवर उसळला, त्यात लस राहिलेली मुलंच जास्त होती.

हुतात्मा_एक्सप्रेस

काल पालकसभा झाली. दोन गोष्टी पुढं ठेवल्या. एक, हजेरीच्या प्रमाणपत्रात डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घेतलेली आजारपणाची रजा गैरहजेरी धरू नये. मुख्याध्यापिका म्हणाल्या, विचार करू. त्यावर एक वडील उठले: "मग सगळे चिठ्ठ्या आणतील." बाई म्हणाल्या, "आणू देत. निदान डॉक्टरकडे तरी जातील."

दोन, आजारी मुलाची बुडलेली युनिट टेस्ट नंतर घ्यावी. हे लगेच मान्य झालं. मला वाटतं खरी अडचण तीच होती. टेस्ट बुडणार नाही म्हटल्यावर निम्मे पालक आपणहून ठेवतील घरी.

टाकीचंही विचारलं. शिपायानं वर जाऊन बघितलं, झाकण होतं, पण बाजूला उघडं पडलेलं.

गणवेशवाल्या ताईंच्या मुद्द्यावर मात्र कोणाकडे उत्तर नव्हतं. एका आजींनी सुचवलं की अपार्टमेंटमधल्या रिकाम्या आज्यांनी पाळीनं सांभाळावं. बाकीच्या आज्यांनी त्यांच्याकडे जे बघितलं ते बघायला हवं होतं.

गणवेशवाली

युनिट टेस्ट नंतर घेणार हे चांगलं झालं. चिठ्ठीचे पैसे लागतात तेवढं लक्षात असू द्या. शाळेनं बाईंची सही चालवावी. पुटकुळ्या बाईंनाही दिसतात.

हुतात्मा_एक्सप्रेस

हे पुढच्या सभेत मांडतो.

नवी_सदस्या_होटगी_रोड

नमस्कार, इथे नवीन आहे. धागा पूर्ण वाचला. मुलीला उवा झाल्यात, शाळेनं "पूर्ण गेल्याशिवाय पाठवू नका" असा निरोप दिलाय. केस कापू का? फार लांब आहेत, तिला खूप आवडतात.

मुलांची_डॉक्टर

कापू नका. उवांसाठी मूल घरी ठेवायची गरज नाही, आज उपचार करून उद्या पाठवता येतं. पर्मेथ्रिनचं औषध मिळतं, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे लावा आणि आठवड्या-दीड आठवड्यानं पुन्हा लावा, कारण पहिल्या वेळी लिखा उरतात. रोज ओल्या केसांतून बारीक फणी फिरवा. घरातल्या सगळ्यांची डोकी तपासा, स्वतःचंही. रॉकेल लावू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

खरूज असेल तर मात्र वेगळं. पर्मेथ्रिनचं मलम मानेपासून खाली सर्वांगाला, रात्रभर, घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री. आठवड्यानं परत. खाज दोन-चार आठवडे राहते, म्हणून रोज मलम फासू नका.

नवी_सदस्या_होटगी_रोड

धन्यवाद डॉक्टर. सासूबाईंनी रॉकेलची बाटली काढून ठेवलीच होती. आता लपवते.